पकड

मणक्याच्या पेडिकलमध्ये प्रोब शिरतो तेव्हा हाड आधी हाताला कळतं आणि मग स्क्रीनवर दिसतं. प्रोब म्हणजे स्क्रूसाठी हाडात वाट करणारं हत्यार, आणि पेडिकल म्हणजे मणक्याच्या पुढच्या भरीव भागाला मागच्या कमानीशी जोडणारा आखूड खांब. प्रत्येक मणक्याला असे दोन, डावा आणि उजवा. त्याच्या आतल्या अंगाला अगदी लगत नसांची पिशवी असते, त्यामुळे इथे घाई चालत नाही. चांगल्या हाडात प्रोब थोडा अडतो. मनगट किंचित फिरवत दाब दिला की बारीक करकर होते आणि तो पुढे सरकतो. ही करकर कानाला ऐकू येत नाही, बोटांना येते. ठिसूळ हाडात प्रोब अडतच नाही. दाब द्यायच्या आत तो पुढे गेलेला असतो, आणि मग सगळं लक्ष त्याला ढकलण्याऐवजी आवरण्याकडे द्यावं लागतं.

त्यानंतर आटे पाडणारा टॅप, आणि टॅपनंतर स्क्रू. कंबरेच्या मणक्यात सहसा साडेसहा मिलिमीटर जाडीचा आणि चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर लांबीचा स्क्रू लागतो. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना विरोध वाढत जायला हवा, मुठीला जोर लागायला हवा. ठिसूळ हाडात पहिल्या फेऱ्याला जेवढा जोर लागला तेवढाच शेवटच्याला लागतो. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या एक्स-रेवर, पाहावं तर स्क्रू सरळ, योग्य जागी, योग्य लांबीचा. चित्रात बोट ठेवायला जागा नसते. पण चित्रात जागा दिसते, पकड दिसत नाही. पकड त्या घडीला फक्त स्क्रू फिरवणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते. ती बातमी फार उशिरा येते, म्हणून आता मी ऑपरेशनच्या कितीतरी आधी तिचा माग काढतो. हा लेख त्या माग काढण्याबद्दल आहे.

‘प्लेट बसवली, नट-बोल्ट टाकले, आता कंबर लोखंडाची झाली’, असं पेशंटचे नातेवाईक एकमेकांना सांगताना मी वॉर्डात ऐकतो. समजूत स्वाभाविक आहे, एक्स-रेत धातूच उठून दिसतो. पण फ्यूजन, म्हणजे मणके जोडणं, हे धातूचं काम नाही. दोन मणके कायमचे जोडतं ते हाड. आम्ही मणक्यांचे पृष्ठभाग खरवडून तिथे हाडाचे तुकडे पेरतो, आणि त्यांतून नवं हाड तयार होऊन दोन मणके एकसंध व्हायला सहा महिने ते वर्षभर लागतं. स्क्रू आणि रॉड असतात ते तोवर मणके हलू नयेत म्हणून.

फ्यूजनची सुरुवात तर धातूशिवायच झाली. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड ऑल्बी या दोन सर्जनांनी आपापल्या पद्धतीने मणके जोडले. त्यांच्यासमोरचे रुग्ण मुख्यतः मणक्याच्या टीबीचे होते. ऑपरेशननंतर प्लास्टर आणि कित्येक आठवडे पलंगावर पडून राहणं, एवढाच आधार. पुढे ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठ वाकडी झालेल्या मुलांसाठी स्टीलचा रॉड आणि हुक तयार केले. पॅरिसचे रेमंड रॉय-कामी यांनी १९६३पासून पेडिकलमधून स्क्रू घालायला सुरुवात केली. मागून शिरून मणक्याच्या पुढच्या भागापर्यंत पकड मिळवण्याची ती वाट इतकी योग्य ठरली, की आज जगभर फ्यूजन म्हटलं की पेडिकल स्क्रूच डोळ्यांसमोर येतो. पण हॅरिंग्टनसमोर मुलं होती, त्यांच्या हाडांत दम होता. माझ्यासमोर येतात त्या साठी-सत्तरीच्या बायका. तंत्र तेच, हाड मात्र वेगळं.

म्हणून प्रत्येक फ्यूजनमध्ये एक शर्यत चालू असते. एकीकडे नवं हाड भरून येत असतं, दुसरीकडे स्क्रू रोज थोडाथोडा ढिला होत असतो. हाड आधी भरलं तर पुढे स्क्रू ढिला असला तरी बिघडत नाही. स्क्रू आधी ढिला झाला तर मणके हलत राहतात, आणि हलत्या जागी हाड जुळत नाही. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाची, अडचण अशी की तो शर्यतीच्या दोन्ही बाजूंना हात घालतो. स्क्रूची पकड कमी करतो, आणि ज्या पेशींनी नवं हाड घडवायचं त्यांचाही वेग मंदावलेला असतो.

हाड आतून भरीव नसतं. बाहेर कडक कवच आणि आत बारीक खांब-तुळयांची जाळी. मणक्याच्या पुढच्या भागात ही जाळीच जास्त, कवच अगदी पातळ. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं बांधणाऱ्या पेशी यांचं काम जन्मभर चालू असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, आणि पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने उतरतं. जाळीत आधी आडव्या तुळया जातात. उभे खांब उरतात, पण त्यांना मधे कुठे आधार नसल्याने ते सहज वाकतात. जाळीदार हाडाची ताकद ढोबळमानाने त्याच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता निम्मी झाली तर ताकद पावच उरते. रिपोर्टवरचा आकडा थोडा खाली आला असं वाटतं तेव्हा पकड त्याहून बरीच जास्त गेलेली असते, हे हा हिशेब केल्याशिवाय उमगत नाही.

आता त्यात टायटॅनियमचा स्क्रू कल्पून पाहा. टायटॅनियम हाडाच्या कवचापेक्षाही पाच-सहा पट ताठ, जाळीदार हाडाच्या तर शेकडो पट. भार आला की वाकायचं कोणी? हाडानेच. लोक विचारतात, ‘स्क्रू तुटेल का हो?’ ठिसूळ हाडात स्क्रू क्वचितच तुटतो, त्याच्याभोवतीचं हाड चुरतं. आणि सरळ उपटून निघणं तर त्याहून दुर्मीळ. हलवून खुंटा बळकट करायची रीत घट्ट जमिनीतली. भुसभुशीत जमिनीत दावणीचा बैल खुंटा उपटत नाही, नुसता दिवसभर मान हलवतो, आणि काही दिवसांत खुंट्याभोवती बोटभर फट पडते. मणक्यातही असंच घडतं. उठणं, बसणं, वळणं, खोकणं, प्रत्येक हालचालीला स्क्रूचं टोक वर-खाली किंचित डुलतं. दिवसातून हजारो वेळा. पेडिकलच्या कवचाजवळ तो टेकून असतो आणि टोक आतल्या विरळ जाळीत झुलत असतं, म्हणून झिजलेली जागा टोकाकडे रुंद होत जाते. काही महिन्यांनी एक्स-रेत स्क्रूभोवती काळसर कडा दिसू लागते. आम्ही तिला हेलो म्हणतो. कडा दिसली की पेशंटला मी आधी एकच विचारतो, ‘कूस बदलताना दुखतं का?’ बहुतेक वेळा दुखत असतं.

ढिलेपणाच्या जागाही ठरलेल्या. सगळ्यात खालचा, त्रिकास्थीतला, म्हणजे एस-१चा स्क्रू. तिथे पेडिकल रुंद, आत जाळी विरळ, आणि वरच्या सगळ्या बांधकामाचा भार त्याच्यावर. म्हणून तिथे स्क्रूचं टोक पुढच्या कडक कवचापर्यंत नेतात, लांब फ्यूजन असेल तर खाली ओटीपोटाच्या हाडातही स्क्रू घालतात. दुसरी जागा सगळ्यात वरची. जिथे ताठ झालेले मणके संपतात आणि हलते सुरू होतात तिथला मणका दबतो, किंवा त्याच्या वरचा दबतो, आणि पाठ त्या ठिकाणी पुढे वाकते. तिसरी जागा केजची. दोन मणक्यांच्या मधे आधार म्हणून बसवलेला हा ठोकळा वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ तबकडीवर टेकलेला असतो. तबकडी मधोमध सर्वांत कमजोर, कडेला मजबूत. लहान केज मधेच बसवला तर तो आत रुततो, नसांसाठी मोकळी केलेली उंची परत जाते, आणि पायातली कळ परत येते.

कृष्णाकाठच्या एका गावातून सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. चार पावलं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पायाला मुंग्या येतात, खाली बसलं की बरं वाटतं. बाजारातून येताना नातवाच्या सायकलच्या हँडलला धरून वाकून चाललं तर घरापर्यंत येता येतं. एवढ्या वर्णनावर निदान जवळपास ठरतं: कंबरेत नसांची वाट अरुंद झालेली आहे, वाकलं की ती थोडी मोकळी होते. एमआरआयमध्ये चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला होता. पन्नाशीनंतर बायकांमध्ये या जागेचं सरकणं पुरुषांपेक्षा खूपच जास्त आढळतं. मुलाच्या हातात जाडजूड फाइल होती. ‘साहेब, एमआरआय झालाय, रक्त झालंय, शुगर-बीपी सगळं नॉर्मल. ऑपरेशनची तारीख द्या.’

फाइलमध्ये सगळं होतं, हाडांच्या घनतेची तपासणी नव्हती. असं वारंवार होतं, आणि दोष नातेवाइकांचा नाही. शीर दबलीय म्हणून सगळ्यांची नजर शिरेवर असते.

मी आजींना विचारलं, ‘आजी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?’ त्या म्हणाल्या, ‘उंची कोण मोजतंय? पण फळीवरचा डब्बा पयलं हाताला यायचा, आता न्हाई येत.’ हे वाक्य माझ्यासाठी एमआरआयइतकंच मोलाचं होतं. छातीच्या मणक्यांचा एक्स-रे काढला तर दोन मणके न कळत दबलेले. काही वर्षांपूर्वी मोरीत घसरून मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं, जुळलं, विषय संपला. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडांनी दिलेली पहिली सूचना असते. ती बहुतेक घरांत प्लास्टरबरोबर काढून टाकली जाते.

डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, केली. कंबरेचा टी-स्कोअर आला उणे १.४. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी केलेली तुलना. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे बरं आहे की.’ कागदावर बरंच होतं. पण आजींच्या कंबरेत मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे वाढले होते, सांधे जाड झाले होते, आणि डेक्सा पुढून-मागून मोजते तेव्हा हे सगळं जास्तीचं हाड त्या आकड्यात मिळवते. म्हणून म्हातारपणी कंबरेचा आकडा फसवतो. खुब्याचा आकडा होता उणे ३.१.

ज्यांचा सीटी स्कॅन आधीच झालेला असतो त्यांच्याबाबतीत आणखी एक सोय असते, आणि ती फुकट आहे. सीटीच्या शोधाबद्दल १९७९ साली नोबेल मिळालेल्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या नावाचं एकक सीटीत वापरतात. पाणी शून्य, हवा उणे हजार. पहिल्या कंबर-मणक्याच्या आतल्या जाळीवर एक वर्तुळ काढलं की कॉम्प्युटर तिथला आकडा सांगतो. एकशे दहाच्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची दाट शक्यता. आजींच्या सीटीत तो सत्तरच्या आसपास होता. ना पुन्हा स्कॅन, ना जास्तीचं रेडिएशन, ना खर्च. नुसतं वर्तुळ काढायचं. हे वर्तुळ प्रत्येक सर्जनने स्वतः काढावं असं मला मनापासून वाटतं. अर्थात घनता कमी दिसली म्हणून लगेच ऑस्टिओपोरोसिस म्हणून मोकळं होता येत नाही. मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग, पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड, हे आधी पाहावं लागतं. सांधेदुखीवर आणलेल्या विनालेबलच्या पुड्यांबद्दल तर खोदूनच विचारतो, कारण त्यांत स्टेरॉइड निघण्याचा धोका असतो आणि पुड्या म्हणजे ‘औषध’ असं कुणाला वाटतच नाही.

मग मी सांगितलं: ऑपरेशन करू, पण आधी तीन-चार महिने हाडांवर उपचार. मुलाचा चेहरा पडला. त्याने जोडून सुटी काढली होती, गावात सांगून झालं होतं. दुखणाऱ्या माणसाला ‘थांबा’ सांगणं या पेशातलं सगळ्यात अवघड वाक्य आहे. शेजारचा कोणीतरी म्हणतोच, ‘अमक्याने तर पुढच्या सोमवारची तारीख दिली.’ नस इतकी दबली असेल की लघवी अडते, पायाचा पंजा उचलत नाही, तर मीही एक दिवस थांबत नाही. हाड कसंही असो, आधी नस सोडवायची. आजींचं तसं नव्हतं. त्यांना चालता येत नव्हतं, पण पायात ताकद होती. त्यांच्याकडे वेळ होता, आणि तो वापरायचा होता.

औषध होतं टेरिपॅराटाइड. पॅराथायरॉइड संप्रेरकाचा एक तुकडा, रोज पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायची २० मायक्रोग्रॅमची सुई. अमेरिकेत २००२ साली त्याला मान्यता मिळाली, आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. हाडांची बहुतेक औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात, हे बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतं. जपानमधल्या सर्जनांनी यावर चांगलं काम केलं आहे. फ्यूजनच्या आधी आणि नंतर टेरिपॅराटाइड घेतलेल्या बायकांमध्ये स्क्रू ढिले होण्याचं प्रमाण हाड खाणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या रिसेड्रोनेटच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं, आणि ऑपरेशनआधी किमान महिनाभर ते घेतलेल्यांमध्ये स्क्रू फिरवायला लागणारा जोर मोजल्यावर जास्त भरला. हाताला जे जाणवतं त्याला कोणीतरी आकडा लावला, याचं मला फार समाधान वाटलं. पॅजेटचा आजार, हाडाचा कर्करोग, पूर्वी हाडांवर घेतलेलं रेडिएशन, रक्तात जास्त कॅल्शियम, अशांना ते चालत नाही. इतरांना दोन वर्षांपर्यंत देतात.

रोज सुई म्हटल्यावर मुलगा आजींकडे पाहू लागला. आजी म्हणाल्या, ‘टोचंल की सूनबाई. म्हशीला बी तीच टोचती.’ खरी अडचण फ्रिजची होती. सुईचं पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते. शेवटी तालुक्याच्या मेडिकलवाल्याने जनरेटरवरच्या फ्रिजमध्ये जादा पेनं ठेवली, घरात एकावेळी एकच. औषधाचा खर्च महिन्याकाठी मोठा होता, पण घरच्यांनी रोजनिशी लिहावी तशी प्रत्येक सुईची नोंद वहीत ठेवली. सोबत ड जीवनसत्त्व. आमच्याकडे ऊन एवढं असूनही ते बहुतेकांचं कमी निघतं. शेतात राबणाऱ्या बायकाही अंगभर लपेटलेल्या असतात. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. वाटीभर दूध साताठजणांच्या चहात वाटलं जातं त्या घरात ते कुठून यायचं? नाचणी मात्र त्यांच्याकडे पिकत होती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी नाचणीची झाली.

आणि मिश्री सुटली. मिश्रीबद्दल विचारताना आवाज खाली आणावा लागतो, कारण मुलासमोर आजी कबूल करत नाहीत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांवर घासली की निकोटीन थेट रक्तात जातं. निकोटीनने नव्या हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्यूजन न जुळण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आमच्या भागातल्या बायका खरंच ‘नाही’ म्हणतात आणि केसपेपरवर तशीच नोंद होते. प्रश्न मिश्रीचा विचारायला हवा.

फ्यूजन करायचंच का, हाही प्रश्न मी त्या महिन्यांत पुन्हा तपासतो. २०१६ साली स्वीडनमधल्या सर्जनांनी आणि २०२१ साली नॉर्वेतल्या सर्जनांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की मणका थोडा सरकलेला असूनही नुसती नस मोकळी केली तरी बहुतेक रुग्णांना फ्यूजनइतकाच आराम पडतो. स्क्रूच घातला नाही तर तो ढिला होण्याचा प्रश्न येत नाही. ठिसूळ हाडाच्या म्हाताऱ्या माणसाला जितकं लहान ऑपरेशन पुरेल तितकंच करावं, असं माझं ठाम मत आहे. आजींच्या वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेंमध्ये मणका स्पष्ट हलत होता आणि कंबरदुखी पायदुखीइतकीच होती, म्हणून त्यांच्याबाबतीत जोडणं भाग होतं.

ऑपरेशनच्या दिवशी ठिसूळ हाडासाठी हाताच्या सवयी बदलाव्या लागतात. टॅप स्क्रूपेक्षा बारीक घ्यायचा किंवा घ्यायचाच नाही, म्हणजे स्क्रू शिरताना भोवतीची जाळी दाबून घट्ट करतो. पेडिकलमध्ये बसेल तेवढा जाड स्क्रू निवडायचा, कारण पकडीचा निम्म्याहून जास्त भाग पेडिकलमधूनच येतो आणि लांबीपेक्षा जाडी जास्त कामाला येते. पण फार जाड घेतला तर पातळ भिंत फुटते. एकदा बसवलेला स्क्रू जरा बाहेर, जरा आत, असा फिरवायचा नाही. रॉड स्क्रूपर्यंत ओढून आणायचा नाही, स्क्रूंच्या रेषेत बसेल असा वाकवून घ्यायचा. रॉड जबरदस्तीने बसवला तर पकडीची पहिली झीज टेबलावरच होते. कधी स्क्रूची वाट बदलतात, खालून-आतून वर-बाहेर, म्हणजे त्याचे आटे जाळीऐवजी कवचात रुततात. कधी कमानीखालून तार किंवा पट्टी घेतात. मेक्सिकोचे एदुआर्दो लुके यांनी तारांची ही पद्धत १९७०च्या दशकात रूढ केली. कमानीचं हाड जास्त करून कवचाचं असल्यामुळे ऑस्टिओपोरोसिसमध्येही ते बऱ्यापैकी टिकून असतं.

आणि सिमेंट. अ‍ॅक्रिलिकचं हाडाचं सिमेंट, तेच जे खुब्याच्या सांध्यासाठी जॉन चार्न्ली यांनी वापरात आणलं. १९८४ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा ते सुईने मणक्यात सोडण्यात आलं. आता भोकांच्या पोकळ स्क्रूमधून दीड-दोन मिलिलिटर सिमेंट मणक्याच्या आत सोडता येतं. त्यासाठी ते कालवल्यावर थांबावं लागतं. पातळ असताना सोडलं तर शिरांत जातं, तिथून फुप्फुसात. फार घट्ट झालं तर स्क्रूतच अडकतं. मधली काही मिनिटंच आपली असतात. त्या मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी बोलत नाही, सी-आर्म चालू असतो, आणि काळा ढग मणक्याच्या मागच्या कडेकडे सरकताना दिसला की मी तिथेच थांबतो, सिरिंजमध्ये कितीही उरलेलं असो. सिमेंटने पकड नक्की वाढते. पण ते हाड नव्हे. त्याच्या आत हाड वाढत नाही, जंतुसंसर्ग झाला तर ते काढणं महाकठीण, आणि शेजारच्या मणक्याच्या ठिसूळपणाला त्याचा काही उपयोग नाही. हाडांवर उपचार करायला वेळ नसेल तेव्हा सिमेंट जरूर वापरावं. उपचारांऐवजी वापरू नये.

आजींना सिमेंट लागलं नाही. चार महिन्यांत टी-स्कोअर फारसा हललेला नव्हता, तो इतक्यात हलतही नाही. पण चौथ्या मणक्यात स्क्रूचे शेवटचे फेरे फिरवताना विरोध वाढला. एका पेशंटवरून कुठलाही सिद्धांत मांडता येत नाही हे मला माहीत आहे, आणि ते औषध न घेता त्यांचं हाड कसं लागलं असतं हे सांगायला कोणी नाही. तरी ती पकड मिळाली तेव्हाचा आनंद खरा होता.

पुढचे महिने जास्त महत्त्वाचे होते. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसून भांडी घासणं, देशी संडास, या सगळ्यांत कंबर पुढे वाकते आणि स्क्रूंवर भार येतो. आमच्या घरांतलं निम्मं जगणं जमिनीवर चालतं, त्यामुळे ‘वाकू नका’ एवढं सांगून भागत नाही. खुर्ची आणावी लागते, ओटा करावा लागतो, संडासावर स्टूल ठेवावं लागतं, आणि हे सगळं आजींना न सांगता सुनेला सांगावं लागतं. मोरीत रबरी चटई आणि भिंतीला दांडी, कारण एक पडणं सगळं काम उधळून देतं. टेरिपॅराटाइड चालूच ठेवलं. ते संपल्यावर हाड टिकवणारं दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड चालतं. दर सहा महिन्यांनी घ्यायची डेनोसुमॅबची सुईही चालते, पण तिची तारीख चुकवू नये. ती मधेच बंद केली की हाड झपाट्याने उतरतं आणि एकामागून एक मणके दबलेले पेशंट मी पाहिले आहेत. ‘आता बरं वाटतंय’ हे औषध थांबवण्याचं कारण नाही. ऑस्टिओपोरोसिस दुखत नाही, मोडलेलं हाड दुखतं.

वर्षाने काढलेल्या सीटीत आजींचे दोन मणके हाडाने जुळलेले होते, स्क्रूंभोवती काळी कडा नव्हती. त्या बाजारात सायकलशिवाय जातात.

ज्यांच्या घरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाला मणक्यात स्क्रू घालायला सांगितलं आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा, हाडांची घनता पाहिली का, खुब्याची पाहिली का, ड जीवनसत्त्व किती आहे. उंची कमी झाली असेल, मनगट किंवा खुबा कधी मोडला असेल, स्टेरॉइड चालू असतील, मिश्री लावत असतील, तर ते न विचारता सांगा. आणि नसेला तातडीचा धोका नसताना डॉक्टर म्हणाले की आधी तीन महिने हाड भक्कम करू, तर डॉक्टर बदलू नका. थांबा.